कोठारातला गंज आणि पेटीतला पाऊस

जुलै महिन्यात होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून पाहा. दोरीवर चार दिवसांचे ओले टॉवेल, पलंगाखाली पत्र्याची पेटी, पेटीच्या कडीला लालसर पावडर, आणि कुलपात किल्ली फिरत नाही म्हणून खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसलेला रूम पार्टनर. ड्रॉइंगचा कंपास उघडावा तर त्याच्या बिजागरीचा आवाज मेसच्या दारासारखा येतो. आपण म्हणतो, "पावसाळा आहे बाप्पा, चालायचंच."

पण काही ठिकाणी ते चालत नाही. ज्या दमट हवेत आपली पेटी गंजते, त्याच हवेत लष्कराच्या कोठारांत रणगाड्याची बेअरिंग्ज, तोफेच्या ब्रीचचे भाग, इंजेक्टर, गिअर आणि काडतुसं वर्षानुवर्षं पडून असतात. महाराष्ट्रात अशा जागा कमी नाहीत. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो आहे, कांदिवलीचा ऑर्डनन्स डेपो आहे, खडकीला चिलखती गाड्यांचं कोठार आणि बेस वर्कशॉप आहे. अशा ठिकाणचा एखादा भाग पंधरा वर्षं कुणी हात लावत नाही, आणि सोळाव्या वर्षी एका रात्रीत सीमेवर लागतो. तो बसवणाऱ्या जवानाला तिथे एमरी पेपर घासत बसायला वेळ नसतो. म्हणून "साठवण" हा विषय आपल्या सिलॅबसमध्ये दीड पानाचा असला तरी प्रत्यक्षात तो डिझाइनइतकाच जोखमीचा आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना हा विषय परका नाही. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी (२०२१ च्या ऑक्टोबरपासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली) माहीत नाही असं घर आमच्याकडे सापडणं कठीण. २४ जानेवारी २०२५ ला तिथे झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. त्या अपघाताची चर्चा करण्याची ही जागा नाही आणि या लेखाच्या विषयाशी मी त्याचा संबंधही जोडत नाही. पण दारूगोळ्याच्या कामात "चालायचंच" हा शब्द चालत नाही, हे आमच्या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता थोडं मागे जाऊ. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागडचा किल्ला आहे. इ.स. १७०० च्या आसपास देवगडच्या बख्त बुलंद राजाच्या काळात त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी तो तुरुंग म्हणून वापरला. आज तिथे जंगल, पडक्या भिंती आणि रविवारची ट्रेकवाली पोरं. त्या काळच्या कोणत्याही किल्लेदाराला शत्रूइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती असे, ती म्हणजे ओली दारू. बंदुकीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. शुद्ध सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हवेतलं पाणी फारसं ओढत नाही. पण मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात कॅल्शियम नायट्रेट, मीठ असल्या भेसळी राहतात आणि त्या पाण्याला हपापलेल्या असतात. म्हणून सोरा पुन्हापुन्हा उकळून, गाळून, स्फटिक पाडून शुद्ध करत. म्हणजे साठवणुकीची निम्मी लढाई कोठारात नाही, कारखान्यातच जिंकली किंवा हरली जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पितळेच्या वेळी कामाला येईल.

तोफांचं मात्र वेगळं. नरनाळ्यावर, गाविलगडावर शेकडो वर्षं ऊन-पाऊस खात पडलेल्या तोफा आपण पाहतो आणि म्हणतो, जुन्या लोकांचं लोखंड काय भारी होतं! भारी असेलही, पण खरं गणित वेगळं आहे. आयएसओच्या ९२२३ क्रमांकाच्या मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. सौम्य हवेत साधं पोलाद पहिल्या वर्षी २५ मायक्रॉनपर्यंत झिजतं, मध्यम हवेत २५ ते ५०, आणि समुद्रकाठच्या तिखट हवेत ८० ते २०० मायक्रॉन. हाताच्या पंजाएवढ्या जाडीच्या तोफेचे दोन-चार मिलिमीटर गेले तर तोफेला त्याचा पत्ताही लागत नाही. पण बॉल बेअरिंगच्या रेसवर ५ मायक्रॉनचा एक खड्डा पडला की ते बेअरिंग भंगार. इंजेक्टरचा प्लंजर तर त्याहून नाजूक. तोफ शंभर वर्षं टिकली आणि बेअरिंग एका पावसाळ्यात गेलं, यात लोखंडाच्या जातीपेक्षा टॉलरन्सचा हात मोठा आहे.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन, हे आठवीपासून पाठ आहे. पण वायव्हामध्ये सर विचारतात, "पाणी म्हणजे किती पाणी?" तिथे बहुतेकांची दांडी उडते. थेंब दिसायलाच हवा असं नाही. स्वच्छ पोलादावर हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की न दिसणारा पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि गंजण्याचा वेग एकदम चढतो. पृष्ठभागावर धूळ, मीठ किंवा घाम असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही काम सुरू होतं. म्हणून कोठारवाले ५० टक्के, आणि नाजूक सामानाला ४० टक्के ही रेघ धरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने शेकडो लढाऊ जहाजं अशीच झोपवून ठेवली. आतली दारं बंद करून, यंत्रं लावून हवा कोरडी ठेवायची. त्यातली कित्येक जहाजं पुढे कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) पुन्हा कामाला आली.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा, कारण खरी गंमत इथे आहे.

समजा एक घनमीटरची हवाबंद पेटी आपण पावसाळ्यात भरली. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३०.४ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे आपल्या पेटीत २४.३ ग्रॅम वाफ बंद झाली. झाकण पक्कं, सील पक्कं, स्टोअरकीपरची सही पक्की. डिसेंबरात रात्री पेटी १५ अंशांपर्यंत थंड झाली. १५ अंशाला मावते फक्त १२.८ ग्रॅम. उरलेली साडेअकरा ग्रॅम कुठे जाणार? पाणी होऊन भागांवर बसणार. म्हणजे पेटी फुटली नाही, छत गळलं नाही, तरी आत पाऊस पडला, आणि तो पाऊस आपणच जुलैमध्ये आत भरला होता.

आता हीच पेटी मे महिन्यात भरा. आमच्या विदर्भाच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला साधारण ११.३ ग्रॅमच वाफ. ही पेटी २५ अंशांवर आली तर आतली आर्द्रता सुमारे ४९ टक्के होते आणि तापमान १३ अंशांखाली गेल्याशिवाय दव पडत नाही. दुसरं काही न करता, निव्वळ महिना बदलून! मुंबईच्या माणसाला ही चैन नाही. त्याच्याकडे मे महिन्यातही हवा ओली, वर समुद्राचं मीठ. (नौदलासाठी गंजावर काम करणारी प्रयोगशाळा अंबरनाथला आहे, त्यात नवल नाही.) भंडारा, नागपूर, वर्धा या पट्ट्याला निसर्गाने चार महिने फुकटचा ड्रायर दिला आहे. सामान पुसायचं, तपासायचं, पुन्हा बांधायचं काम मार्च ते मे मध्ये उरकावं, हे इथलं सोपं उत्तर आहे. फक्त तेव्हा कामगाराच्या कपाळावरचा घाम भागावर पडणार नाही याची काळजी हवी. घामात मीठ असतं. हाताने पकडलेल्या ग्राउंड केलेल्या पृष्ठभागावर चार दिवसांनी बोटांचे ठसे गंजाने छापून येतात, अगदी पोलिसांना देण्याइतके स्पष्ट. पातळ हातमोजे हा अशा कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित बंदोबस्त आहे.

आणि "हवाबंद" हा शब्दही जरा सांभाळून वापरावा. टिनाच्या छपराखाली पेटी दिवसा ३७ आणि रात्री २७ अंशांना असेल तर दिवसा तिच्यातली सुमारे ३ टक्के हवा फटीतून बाहेर जाते आणि रात्री तेवढीच आत येते. पेटी श्वास घेते म्हणा ना. १०० लिटरच्या पेटीत हा श्वास रोज तीन लिटरचा. एका दिवसाला काही नाही, पण आतलं लाकूड, पुठ्ठा किंवा सिलिका जेल त्यातलं पाणी थोडंथोडं धरून ठेवतं. चार महिन्यांत हिशोब होतो.

लाकडाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे हुशार माणसंही फसतात. भाग हलू नये म्हणून पेटीत लाकडी ठोकळे बसवतात. ८० टक्के आर्द्रतेत मुरलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी असतं. ४० टक्क्यांच्या हवेत ते साधारण साडेसातवर येतं. म्हणजे पाच किलो ठोकळ्यांतून चारशे ग्रॅमच्या वर पाणी बाहेर पडायला बघतं. मघाशी आपण सगळ्या हवेतलं पाणी मोजलं ते २४ ग्रॅम! हवेपेक्षा ठोकळे सोळा-सतरा पट ओले. म्हणूनच सिलिका जेल किती टाकायचं याचं लष्करी पॅकिंगचं सूत्र पाहिलं तर त्यात दोन पदं दिसतात, एक आवरणाच्या क्षेत्रफळासाठी आणि दुसरं आतल्या टेकूच्या वजनासाठी. सिलिका जेल ४० टक्के आर्द्रतेला आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी धरतं असं मानलं, तर हवेसाठी ६० ग्रॅमची पुडी पुरते आणि ठोकळ्यांसाठी दोन किलो लागतं. बुटाच्या खोक्यातली एक पुडी टाकून "सिलिका जेल टाकलं आहे" असं रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्यांना हे गणित दाखवावं. वर काही लाकडांतून, विशेषतः ओकसारख्या, ॲसेटिक ॲसिडची वाफ निघते, आणि ती जस्त, कॅडमियम, शिसं यांना खाते.

आता वळू या गोष्टीच्या सगळ्यात नामांकित प्रकरणाकडे. ते आपल्याच देशात घडलं, पण मेटलर्जीच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकतात.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत पितळी काडतुसं आली. पावसाळ्यात घोडदळाची हालचाल थंडावे, तेव्हा काडतुसं तबेल्यात किंवा तबेल्याजवळ ठेवली जात. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडाव्यात तर काडतुसांच्या भिंतींना उभ्या चिरा, खास करून तोंडाशी, जिथे गोळी दाबून बसवलेली असते तिथे. गंजाची लाल पावडर नाही, धातू झिजलेला नाही, बाकी काडतूस चकचकीत. ना कुणी आपटलं, ना कुणी उडवलं. ऋतूबरोबर येणाऱ्या या चिरांना नाव पडलं "सीझन क्रॅकिंग", म्हणजे मोसमी तडा.

तडा का गेला हे समजायला तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली, काडतुसाचं कवच ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या पितळेचं, आणि ते सपाट चकतीपासून थंड अवस्थेत ओढून-ओढून नळी करून बनवतात. त्या ओढाओढीचा ताण धातूत साठून राहतो. बाहेरून कुणी ओढत नाही, पण धातूचा एक थर दुसऱ्याला आतल्या आत ओढत असतो. दुसरी, तबेला. घोड्याच्या मुतातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. तिसरी, पावसाळा. कवचावर पाण्याचा तो न दिसणारा पापुद्रा, आणि त्यात विरघळलेला अमोनिया. बारावीच्या प्रॅक्टिकलला तांब्याच्या क्षारात अमोनिया घातल्यावर गडद निळा रंग आला होता, आठवतं? तेच संयुग इथे बनतं. ऑक्सिजनच्या मदतीने अमोनिया पितळेतलं तांबं उचलतो, ते सगळीकडून सारखं नाही तर जिथे ताण जास्त आणि जिथे धातूच्या कणांची शीव आहे तिथे. बारीक फट पडते, फटीच्या टोकाला ताण एकवटतो, फट पुढे सरकते. तिघांपैकी एक जरी काढून घेतलं तरी तडा जात नाही. कोरड्या तबेल्यात जात नाही, दमट पण अमोनिया नसलेल्या कोठारात जात नाही, आणि ताण काढलेल्या पितळेला तबेल्यातही सहसा जात नाही.

या तिघांचा मेळ नीट उलगडून सांगितला तो मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी, १९२१ साली. इलाजही साधा निघाला. कवच तयार झाल्यावर ते सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवायचं. एवढ्यात पितळेचा कडकपणा फारसा जात नाही, पण साठलेला ताण सैल होतो. सोऱ्याच्या वेळी म्हटलं तेच पुन्हा, साठवणुकीची निम्मी लढाई कारखान्यात. आपल्याकडे खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची आणि वरणगावची १९६० च्या दशकातली. काडतूस बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात हा ताण आणि त्याची उतराई रोजच्या कामाचा भाग असते. तपासणीसाठी पूर्वी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात नमुना बुडवत. ताण शिल्लक असेल तर काही मिनिटांत तडा. पारा विषारी म्हणून आता बऱ्याच ठिकाणी अमोनियाचीच चाचणी घेतात, म्हणजे आरोपीलाच परीक्षक नेमलं.

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे आमच्याकडे हे प्रकरण वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरचाही ऐकतो. तुमच्या कॉलेजात स्टोअरची खोली प्रसाधनगृहाला लागून असेल, किंवा पितळी फिटिंग्ज फिनाईल-अमोनियाच्या बाटल्यांशेजारी ठेवली असतील, तर एवढं वाचल्यावर जाऊन ती हलवा.

राहिला प्रश्न पोलादी भाग बांधायचे कसे. इथे क्रम महत्त्वाचा आहे, साधनं नंतर. आधी धुणं, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेल किंवा ग्रीस, मग कागद, मग वाफ न सोडणारी पिशवी, मग पेटी. मळक्या भागावर उत्तम ग्रीस लावणं म्हणजे मीठ आणि पाणी ग्रीसखाली सुरक्षित ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य कॉस्मोलिन नावाचं मेणासारखं घट्ट पेट्रोलियमचं लेपण वापरायचं. ते इतकं चिवट, की रायफल वापरण्याआधी ते काढण्यातच जवानांचा वेळ जायचा. त्याच काळात दुसरा मार्ग आला, व्हीसीआय कागदाचा. या कागदात भरलेलं रसायन हळूहळू वाफ होऊन पिशवीत पसरतं आणि पोलादावर अतिशय पातळ थर धरतं. कोपऱ्यात, भोकात, आट्यांत, जिथे ब्रश पोचत नाही तिथेही. भाग काढला की सरळ बसवा, पुसायची भानगड नाही. मात्र सगळ्या धातूंना एकच कागद चालत नाही. पोलादासाठी उत्तम असलेली काही रसायनं जस्त, कॅडमियम किंवा शिशाला उलट त्रास देतात, तांबं-पितळेसाठी बेन्झोट्रायझोलचं कूळ वेगळं. कार्बुरेटरसारख्या तीन-चार धातूंच्या भागाला कागद गुंडाळण्याआधी डेटाशीट वाचावी, रंग पाहून कागद उचलू नये.

पेटी न उघडता आतली हवा कळावी म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खिडकीत आर्द्रता दाखवणारं कार्ड लावतात. कोरडं असताना एक रंग, ओलं झाल्यावर दुसरा. जुनं निळं-गुलाबी सिलिका जेल आपण लॅबमध्ये पाहतो, त्यातला कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक म्हणून आता केशरी जेल येतं. ओलं झालेलं जेल साधारण १२० अंशांना तापवलं की पुन्हा कामाला तयार. आणि कार्ड ओलं दाखवत नसेल तर पेटी उघडू नये. "एकदा बघून घेऊ" म्हणून उघडलेली पेटी पुन्हा पावसाळ्याची हवा घेऊनच बंद होते.

कोठाराच्या दारांबद्दलही तेच. "हवा खेळती ठेवा" हा सल्ला अर्धाच खरा आहे. पावसाळ्याच्या सकाळी चारशे किलोचा गिअरबॉक्स रात्रीच्या थंडाव्याने २४ अंशांवर असतो. दहा वाजता दार उघडलं, बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के, तिचा दवबिंदू २६ अंश. आत येताच ती गिअरबॉक्सवर थंड पेल्यासारखं पाणी सोडते. लोखंड जड, ते दुपारपर्यंत गरम होत नाही, तोवर ओलंच. तेव्हा बाहेरचा दवबिंदू आतल्या धातूच्या तापमानापेक्षा कमी असेल तरच दार उघडायचं. त्यासाठी यंत्र लागत नाही, ओल्या-कोरड्या बल्बचा थर्मामीटर आणि भिंतीवर एक तक्ता पुरतो. आमच्या माहितीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक्झॉस्ट पंखा पावसाळाभर चोवीस तास चालू असायचा, आणि मिलिंग कटर का गंजतात म्हणून दरवर्षी तेलाचा ब्रँड बदलायचा. स्टोअरचे काका म्हणायचे, "सर, पंखा बंद करून पाहू का?" कोणी मनावर घेतलं नाही.

ज्यांना हे सगळं वाचून पटत नसेल त्यांच्यासाठी खोलीत करता येण्यासारखा प्रयोग. झाकण घट्ट बसणाऱ्या तीन काचेच्या बरण्या घ्या. पहिलीत वाटीभर साधं पाणी. दुसरीत मेसच्या मिठाचा दाट चिखल, म्हणजे मीठ न विरघळता तळाशी उरेल इतकं मीठ पाण्यात. अशा मिठावरची हवा नेहमी ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. तिसरीत तापवून वाळवलेलं सिलिका जेल. नवे खिळे एमरीने घासून, स्पिरिटने पुसून चिमट्याने धरा. प्रत्येक बरणीत दोऱ्याने दोन-दोन लटकवा, त्यातल्या एकाला मात्र क्रिकेट खेळून आल्यावर बोटांनी दाबून धरा. बरण्या पलंगाखाली ठेवा, उघडू नका, आणि रोज रात्री टॉर्च लावून बघून तारखेसह वहीत लिहा. घामाचा ठसा असलेला खिळा कोणत्या बरणीत आधी लाल पडतो, आणि स्वच्छ खिळा मिठाच्या बरणीत किती दिवस तग धरतो, हे दोन आकडे हाती आले की ते घेऊन केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये या. दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला एवढा मजकूर पुरतो.